चालायचंच

वैशाखात भाचीचं लग्न झालं. अक्षता पडल्या, फोटोंसाठी झुंबड उडाली, आणि माइकवरून घोषणा सुरू झाली : "जेवणाची व्यवस्था वरच्या मजल्यावर केलेली आहे. मंडळींनी जेवल्याशिवाय जाऊ नये." वर म्हणजे बावीस पायऱ्या, मध्ये एक वळण. लिफ्ट होती, पण तिच्या दारावर ‘फक्त सामानासाठी’ असा कागद चिकटवलेला आणि आत आइस्क्रीमचे डबे.

दहा मिनिटांत खालचा हॉल रिकामा झाला. मी चार जणींच्या पर्सा सांभाळत बसले होते. जन्मभर शाळेत हजेरी घेतली असल्यामुळे चार माणसं एका जागी दिसली की मनातल्या मनात मोजायची मला खोड आहे. मोजली. एकतीस माणसं खुर्च्यांना चिकटून होती. पर्सावाली धरून बत्तीस.

थोरल्या जाऊबाई, त्यांची बहीण आणि विहीणबाईंकडच्या दोन म्हाताऱ्या एका रांगेत, चौघींचेही हात गुडघ्यांवर. खांबापाशी सातवा महिना लागलेली एक सून. पायात रॉड घातलेला, बाइकवरून पडलेला विशीतला मुलगा; त्याच्या कुबड्या नवरीच्या मामेभावांनी खेळायला पळवलेल्या. दोन महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेले एक गृहस्थ, जे सगळ्यांना "मला भूकच नाही" असं सांगत होते. कडेवर झोपलेलं मूल घेतलेली एक मुलगी. लकव्यातून उठलेले माझे चुलतदीर. आणि दाराशी नवऱ्याकडचे एक आजोबा, कंपवाताचे. ते हॉलच्या उंबऱ्याशी येऊन थिजले होते. मागे रांग, पुढे मोकळी जागा, पण पाऊल म्हणून उचलेना. त्यांच्या मुलाने काही न बोलता आपलं बुटाचं पाऊल त्यांच्या पायासमोर आडवं ठेवलं. आजोबांनी खाली पाहिलं, ते पाऊल ओलांडलं, आणि मग तुरूतुरू खुर्चीपर्यंत गेले. मुलगा मागोमाग. रोजची सवय असावी दोघांची.

मुलाकडचे एक काका मात्र आमच्यात नव्हते. पन्नाशीचे, डावा पाय लहानपणीच पोलिओने गेलेला. ते हाताने मांडी दाबत, दर पायरीला एक झोका घेत, पहिल्या झटक्यात वर गेले आणि विडा चघळत खाली आले. आमच्यासमोर उभे राहून म्हणाले, "जिलेबी संपत आलीय हं. बसलात काय?"

मला हसू आलं, आणि मग एकदम आठवलं की त्या सबंध लग्नात सरकारच्या वहीत ‘चालण्याची अडचण’ म्हणून ज्याची नोंद असण्याची खात्री देता येईल असा माणूस तेवढाच एक. आणि तोच जेवून आला होता.

वहीचं मी सांगते, कारण एके काळी ती वही माझ्या हातात होती. २०११च्या जनगणनेत मी प्रगणक होते. तेव्हाच्या नगर जिल्ह्यात, पाथर्डीकडच्या एका गावात माझी शाळा होती. ९ ते २८ फेब्रुवारी घरोघर फिरायचं, मग मार्चच्या पहिल्या पाच दिवसांत पुन्हा एक फेरी. त्या तक्त्यात नववा प्रश्न अपंगत्वाचा. हो किंवा नाही. हो असेल तर कसलं, त्याचा आकडा. दिसण्यात १, ऐकण्यात २, बोलण्यात ३, हालचालीत ४, असं पुढे.

फेब्रुवारी म्हणजे तिकडे ऊसतोडीचा हंगाम. कोयता घेऊन जोडपी कारखान्यांवर गेलेली, गावात म्हातारी आणि नातवंडं. एका घरात एक आजी उंबऱ्यावर बसलेली होती. पंच्याहत्तरी असेल. मी नाव, वय, शिक्षण विचारत गेले, ती उत्तरं देत गेली. मध्ये नातीला म्हणाली, "बाईंना पाणी आण गं." पोर बाहेर कुठे तरी गेली होती. मग आजी स्वतः उठली. म्हणजे आधी दोन्ही तळहात जमिनीवर टेकवले, गुडघ्यांवर आली, चौकटीचं लाकूड धरलं, आणि एक पाय, मग थांबून दुसरा. माठापर्यंत भिंतीला हात लावत गेली. तांब्या भरून परत येताना हात भिंतीला लावता येईना, म्हणून भिंतीला खांदा घासत आली. मातीच्या भिंतीवर त्या उंचीला एक गुळगुळीत तेलकट पट्टा पडलेला होता. किती वर्षांचा, कोण जाणे.

मी पाणी प्यायले आणि नववा प्रश्न विचारला. "घरात कुणी अपंग?"

"नाही बाई. आमच्यात नाही तसलं कोणी."

"तुम्हाला चालायला त्रास होतो ना?"

"हे व्हय? हे काय, वयामानाने चालायचंच."

मी ‘नाही’ लिहिलं.

प्रगणकांना दिलेली पुस्तिका माझ्या पिशवीत होती. हालचालीच्या अपंगत्वात कुणाला धरायचं, ते तिच्यात सविस्तर दिलेलं होतं : आधाराशिवाय चालता न येणारे, सांध्यांच्या किंवा स्नायूंच्या कायमच्या दुखण्याने हालचाल मर्यादित झालेले, तोल सांभाळता न येणारे, कंप असणारे. आजी त्यात बसत होती. भिंतीवरचा पट्टा साक्षीला होता. पण मी वाचायचं ते प्रशिक्षणाच्या दिवशी वाचलेलं, पुढे साठ घरं बाकी, आणि ‘अपंग’ म्हटल्यावर माझ्याही डोळ्यांसमोर कुबडीच यायची. त्या गावात मी तीन वेळा ४ लिहिला. तिन्ही पुरुष. दोघे पोलिओचे, एक उसाच्या ट्रॉलीखाली पाय गेलेला.

पुढे देशाचे आकडे आले तेव्हा मी ते जरा अपराधी मनानेच वाचले. २ कोटी ६८ लाख अपंग, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. त्यातले हालचालीचे ५४ लाखांवर. आणि त्या ५४ लाखांत पुरुष ३३ लाख ७० हजार, बायका २० लाख ६६ हजार. पाचात तीन पुरुष! कुठल्याही हाडांच्या डॉक्टरच्या दवाखान्यात संध्याकाळी सहा वाजता जाऊन बसा आणि बाकावर किती लुगडी-साड्या-पंजाबी ड्रेस आहेत ते बघा. गुडघ्यांची झीज बायकांत जास्त, आमवात बायकांत पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट, हाडं ठिसूळ होणं पाळी गेल्यावर बायकांचंच. मग त्या गेल्या कुठे?

याला काही खरी कारणंही आहेत. पुरुष यंत्रात सापडतात, खांबावरून पडतात, रात्रीचे मोटरसायकलवर असतात. पण मला वाटतं, मोठं कारण उंबऱ्यावर बसलेलं होतं. पुरुषाचा पाय गेला की घरची कमाई जाते. मग दाखला काढावा लागतो, पास काढावा लागतो, चार लोकांना सांगावं लागतं. बाईचा पाय हळूहळू जातो, आणि स्वयंपाक तर बसूनही होतो. २०१८ साली राष्ट्रीय नमुना पाहणीने पुन्हा मोजलं, तेव्हाही पुरुष २.४ टक्के आणि बायका १.९. (हे आकडे सगळ्या प्रकारच्या अपंगत्वाचे.) पुन्हा तेच.

२०११च्या आकड्यांतली आणखी एक ओळ मला फार आवडते. आवडते म्हणजे वाचून थक्क व्हायला होतं. ऐंशी ते नव्वद वयाच्या माणसांत अपंगत्वाचं प्रमाण शेकडा साधारण ८. दृष्टी, कान, पाय, सगळं धरून. म्हणजे ऐंशी ओलांडलेल्या शंभरातल्या ब्याण्णव जणांना स्वच्छ दिसतं, खणखणीत ऐकू येतं आणि जिना सहज चढता येतो! आपल्या ओळखीतली ऐंशीच्या पुढची दहा माणसं नुसती आठवून बघावीत. आकडा कुणी खोटा लिहिलेला नाही. माझ्यासारख्या लाखो शिक्षकांनी उन्हातान्हात फिरून, विचारलं ते लिहून आणलेला तो आकडा आहे. विचारलं ‘अपंग आहात का’, आणि आपल्याकडे म्हातारं होणं म्हणजे अपंग होणं, असं कुणी मानत नाही. एका अर्थी हे बरंच आहे. पण त्या चांगुलपणापायी कठडे बसत नाहीत.

अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात. चालायला किंवा जिने चढायला तुम्हाला फार अडचण येते का? बस्स. अपंग हा शब्दच नाही. २०१८ साली तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने जाहीर केलं की, सज्ञान माणसांतल्या दर सातांत एकाने याला ‘हो’ म्हटलंय. तिकडे बायकांचं प्रमाण जास्त निघतं. तिथे वयस्कर माणसं जास्त, वजनं जास्त, आणि गणतीही फक्त मोठ्या माणसांची, त्यामुळे आपला आकडा तिकडच्या शेजारी ठेवून तुलना करणं बरोबर नाही. पण त्याच अहवालातली एक गोष्ट इकडची वाटावी अशी आहे. पंचेचाळीस ते चौसष्ट या वयातली जी माणसं दारिद्र्यरेषेखाली आहेत, त्यांच्यात चालण्याची अडचण जवळजवळ पाचपट आढळली. कुणापेक्षा? तर ज्यांचं उत्पन्न त्या रेषेच्या दुप्पट आहे त्यांच्यापेक्षा. पायांना वय असतं तशी ऐपतही असते. पोती वाहणारा, विटा चढवणारी, दिवसभर ओणवं राहून मोळ्या बांधणारी यांचे गुडघे आणि कंबर माझ्या मास्तरकीच्या गुडघ्यांपेक्षा पंधरा वर्षं आधी म्हातारे होतात. मी शिकवलेल्या पोरांच्या आया चाळिशीत माझ्याहून मोठ्या दिसायच्या, चालायच्याही तशाच.

संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २००१ साली यासाठीच एक गट नेमला. वॉशिंग्टनला पहिल्यांदा भेटले म्हणून त्याला वॉशिंग्टन गट म्हणतात. त्यांनी सहा साधे प्रश्न काढले आणि उत्तरं ‘हो-नाही’ न ठेवता चार ठेवली : काही त्रास नाही, थोडा होतो, खूप होतो, जमतच नाही. चालण्याच्या प्रश्नात पायऱ्या चढणंही धरलंय. त्या आजीला मी हे चार पर्याय दिले असते, तर ती ‘थोडा’ म्हणाली असती, हे मला पक्कं ठाऊक आहे. ‘खूप’ म्हणणं तिच्या जिभेवरच नव्हतं. पण निदान ‘नाही’ तरी लिहावं लागलं नसतं.

‘थोडा’ म्हटलं की किती माणसं बाहेर येतात ते मी एकदा पाहिलंय. २००६च्या पावसाळ्यात चिकुनगुन्या आला तेव्हा. हे नाव आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतलं. टांझानियाच्या बाजूला १९५२-५३ साली पहिल्यांदा ओळखलेल्या या तापाने माणूस वाकतो, म्हणून ‘वाकवणारा’ असा काहीसा त्याचा अर्थ. आमच्या गावाने त्याचा अर्थ अंगावर घेतला. शाळेत मुलं बाकाला धरून उठायची. सरपंच, कोतवाल, किराणावाला, सगळे एकाच चालीने चालायचे, जणू प्रत्येकाच्या डोक्यावर अदृश्य भारा आहे. ताप चार दिवसांत गेला, सांधे कित्येकांचे दिवाळीपर्यंत धरलेले होते. गंमत म्हणजे त्या काळात गावात कुणाला कशाची लाज नव्हती. पारावर उघड चर्चा चालायची, कुणाचा घोटा, कुणाचं मनगट, कुणाला संडासला बसता येत नाही. माझ्या शेजारच्या घरी प्लास्टिकच्या खुर्चीला बसायच्या जागी भोक पाडून आणलं होतं, आणि ती खुर्ची आळीत चार घरी फिरून आली. सगळ्यांनाच आहे म्हटल्यावर बोलायला काय हरकत? मग एकेक जण सरळ झाला आणि विषय बंद पडला. जे सरळ झालेच नाहीत ते पुन्हा ‘वयामानाने’त जमा.

खुर्चीवरून आठवलं. आपल्याकडे पायाचा प्रश्न चालण्याआधी बसण्याचा असतो. जमिनीवर जेवण, उकिडवं बसून धुणंभांडी, पूजा मांडी घालून, आणि भारतीय बैठकीचा संडास. स्वच्छतेच्या मोहिमेत खेड्यापाड्यांत संडास झाले, फार चांगलं झालं. पण बहुतेक ठिकाणी भांडं बसकं, आणि धरायला भिंतीत साधी सळईसुद्धा नाही. कित्येक घरांतल्या म्हाताऱ्या यामुळे दुपारनंतर पाणीच पीत नाहीत. हे मला कुठल्या पाहणीत सापडलं नाही, बायकांनीच सांगितलं, तेही डोळ्याला डोळा न देता.

शहराचं शहरात. निवृत्त झाल्यावर मी पुण्यात मुलाजवळ आले. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात. अठरा मीटर रुंदीचा रस्ता, पंधरा सेकंद. गुडघे धरलेलं माणूस सेकंदाला ०.८ मीटर चाललं तरी पुष्कळ. त्याला लागतात साडेबावीस. उरलेले साडेसात सेकंद दुचाकीवाल्यांच्या भलेपणावर. बसचंही तसंच. साध्या बसची आतली फरशी रस्त्यापासून साधारण ९०० मिलिमीटर उंच असते, खालच्या फरशीच्या बसची ४०० मिलिमीटर. हा फरक कागदावर अर्धा मीटर दिसतो. साडी नेसून, हातात पिशवी घेऊन, मागून लोक ढकलत असताना तो किती असतो, ते त्या दोन पायऱ्यांवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. राज्याने २०२२च्या ऑगस्टपासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास फुकट केला, तेव्हा आई हरखली होती. तीन वेळा आधार कार्ड पिशवीत घालून झालं. एकदाही गेली नाही.

पोलिओचे काका त्या दिवशी थोड्या वेळाने माझ्या शेजारी येऊन बसले. मी त्यांना म्हटलं, तुम्ही बरे चटकन गेलात. ते हसले. म्हणाले, "डाव्याचं काही नाही हो, तो पहिल्यापासून तसाच. आता उजवा कुरकुरायला लागलाय." पन्नास वर्षं एका पायाने दोघांचं काम केल्यावर दुसरं काय होणार? डॉक्टरांनी सांगितलंय की, पोलिओ झालेल्यांना पुढे तीस-चाळीस वर्षांनी नव्याने अशक्तपणा येऊ शकतो. मला तेव्हा दुसरंच आठवत होतं. आपल्या देशातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११चा, हावड्याची दोन वर्षांची मुलगी. म्हणजे मी पिशवी घेऊन घरोघर फिरत होते, त्याच्या चारच आठवडे आधी. मी ज्या दोघांपुढे ४ लिहिला, ती शेवटच्या पिढ्यांतली माणसं होती, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. आपल्या मनातलं अपंगाचं चित्र त्यांचंच आहे. ते चित्र आता म्हातारं होत चाललंय, आणि पुढच्या खुर्चीवर बाइकवरून पडलेला मुलगा बसलाय, त्याच्या शेजारी लकवा, आणि त्याच्या शेजारी सगळ्या जाऊबाई.

जेवण शेवटी खालीच आलं. केटररच्या पोरांनी ताटं वरून आणली. त्यातला एक विशीबाविशीतला पोरगा चौथ्या फेरीला जिन्याच्या वळणावर थांबला, ताटं कठड्यावर टेकवून त्याने कंबर मागे वाकवली, आणि पुन्हा निघाला. मी तेहतिसावा मोजला. जिलेबी खरंच संपली होती.

२०२१ची जनगणना करोनामुळे झालीच नाही. आता ती २०२७ची. १ मार्च ही संदर्भ तारीख. माझी एक विद्यार्थिनी आता शिक्षिका आहे. तिला म्हटलं, प्रश्न विचारताना उंबऱ्यावरून घाई करू नकोस, पाणी मागून बघ. ती म्हणाली, "बाई, आता तर मोबाइलवर भरायचंय." बरोबर आहे. मोबाइलला भिंत दिसत नाही, पण तिला दिसेल.

आमची इमारत जुनी, तीन मजली, लिफ्ट नाही. मी तिसऱ्यावर. चोपन्न पायऱ्या. दीड वर्षापूर्वी मी दोरी लावलेली पिशवी घेतली, कारण भाजीवाला दारात येतोच, मग उगीच कशाला खालीवर. दुधाची पिशवीही तशीच येते. परवा मेथी घेतली. पैसे खाली सोडले, सुट्टे वर ओढून घेतले. भाजीवाला मान वर करून म्हणाला, "काकू, हल्ली खाली येताच नाही तुम्ही?"

"येते की," मी वरून ओरडले, "हल्ली जरा कामं असतात."